इंग्लिश अ‍ॅपचं नुसतं अरबी भाषांतर करून डिस्लेक्सियाची मुलं वाचायला लागणार नाहीत

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,
मी मूळची धुळ्याची, लग्नानंतर शारजात आले आणि इथेच एका एज्युकेशन अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या कंपनीत लर्निंग डिझायनर आहे. आमचं डिस्लेक्सिया (हुशार असूनही वाचायला शिकणं जड जाण्याची अडचण) असलेल्या मुलांसाठी इंग्लिश वाचनाचं अ‍ॅप आहे, आता त्याचं अरबी व्हर्जन काढायचंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. प्लॅन असा आहे की इंग्लिश धड्यांचं भाषांतर करायचं, स्क्रीन उजवीकडून डावीकडे फिरवायची, डिस्लेक्सियावाला फॉन्ट टाकायचा, आणि सुरुवातीला एक प्रश्नावली देऊन मूल बघून शिकतं की ऐकून शिकतं ते ठरवायचं, त्यावर अ‍ॅप 'अ‍ॅडॅप्टिव्ह' होणार, म्हणजे मुलाप्रमाणे बदलणार. टीममध्ये जॉर्डनची एक स्पीच थेरपिस्ट आहे, ती म्हणते असं चालणार नाही, पण तिचं कुणी ऐकत नाही. मला अरबी वाचता येतं, सावकाश, आणि बोलायला कामापुरतं येतं. तीन महिन्यांनी डेमो आहे. काय करू? आणि मी अरब नाही, तर हे काम मी करावं का, हाही प्रश्न मनात आहेच. आणि अ‍ॅपच्या नावात डिस्लेक्सिया शब्द असावा असं मार्केटिंगवाले म्हणतायत, तो ठेवू का?
– एक वाचक, शारजा

ताईचं उत्तर

तू ताई म्हणालीस म्हणून मी पण सरळ तू म्हणते. तुमची थेरपिस्ट बरोबर बोलतेय, आणि पुढच्या मीटिंगला तू तिच्या बाजूने बोल, एकटी पडू देऊ नकोस तिला. या सगळ्या टीममध्ये मूल अरबी वाचताना नेमकं कुठे अडकतं हे प्रत्यक्ष बघितलेलं माणूस बहुतेक तीच असणार, आणि अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणजे काय याचं खरं उत्तर तिथेच आहे. मुलाला कोणत्या प्रकारची चूक होतेय ते ओळखून त्या चुकीवर काम देणं, एवढंच. मार्क कमी पडले म्हणून सोपं दे आणि जास्त पडले म्हणून अवघड दे, हे तर साधं क्विझ अ‍ॅप पण करतं. आणि अरबी वाचताना होणाऱ्या चुका या अरबी लिपीतून आणि अरबी घरात बोलल्या जाणाऱ्या बोलीतून येतात, त्या इंग्लिश धड्यात सापडणारच नाहीत, मग भाषांतर कितीही चांगलं करा.

आता एक काम कर, कागद घे आणि बैत (घर) आणि बिन्त (मुलगी) हे दोन शब्द अरबीत लिहून बघ. पहिलं अक्षर बा, शेवटचं ता, दोन्ही शब्दांत तेच. मधे दातासारखी एक छोटीशी उभी रेघ, तिला दात म्हणू. त्या दाताखाली दोन ठिपके दिले की ते 'या' हे अक्षर झालं आणि शब्द झाला घर, त्याच दातावर एक ठिपका दिला की नून झालं आणि शब्द झाला मुलगी. म्हणजे घर आणि मुलगी यांच्यातला सगळा फरक ठिपक्यात, किती आणि वर की खाली. अरबीच्या २८ अक्षरांपैकी निम्म्याहून जास्त अक्षरांना ठिपके आहेत, बा-ता-था हा एक संच, जीम-हा-खा हा दुसरा, असे संचच्या संच एकाच आकाराचे. इंग्लिश अ‍ॅपमध्ये तुम्ही बी आणि डी ची उलटापालट होते त्यावर धडे केले असतील, सायलेंट ई वर केले असतील, ते इथे काय कामाचे? इथे मूल दात मोजतंय आणि ठिपके शोधतंय, आणि तुम्ही त्याला इंग्लिशमधून आणलेल्या धड्याने शिकवणार.

त्यात पुन्हा अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची असल्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला, मधे, शेवटी आणि सुटं अशी अक्षराची रूपं बदलतात, आणि सहा अक्षरं अशी आहेत (अलिफ, दाल, झाल, रा, झाय, वाव) जी पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत, त्यामुळे एकच शब्द मधेच तुटल्यासारखा दिसतो आणि नवशिक्या मुलाला वाटतं शब्द संपला. सुटं 'ऐन' हे अक्षर अचूक ओळखणारं मूल शब्दाच्या मधलं ऐन बघून गप्प बसतं, हे तुमची थेरपिस्ट तुला लगेच सांगेल. अक्षरांची जागा अदलाबदल होणं हा डिस्लेक्सियाचा एक वेगळा प्रकारच आहे, तमह्हल (त्याने सावकाश घेतलं) च्या जागी तुहमिल (तू दुर्लक्ष करतोस) वाचलं जातं, अक्षरं तीच, मधल्या दोघांचा क्रम वेगळा. नामा फ्रीडमन आणि मनार हद्दाद-हन्ना या संशोधकांनी अरबी वाचणाऱ्यांमध्ये हा प्रकार तपासला आणि त्यांना दिसलं की अक्षर जागेवरून हललं तर त्याचा आकार बदलणार असेल, अशा शब्दांत ही अदलाबदल फारच कमी होते. मला हे वाचून खूप आनंद झाला होता, कारण याचा अर्थ लिपीच्या ज्या गुणाला आपण अडचण म्हणतो तोच गुण त्या मुलाला कधी कधी आधार देतो, आणि तुमच्या शब्दांच्या यादीत सोपं-अवघड ठरवताना हे वापरता येतं. भाषांतरित यादीत हे कसं येणार?

पुढचा मुद्दा हरकातचा, म्हणजे फतहा, कसरा, दम्मा वगैरे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा. पहिली-दुसरीच्या पुस्तकात त्या असतात, मग कमी कमी होत साधारण चौथीच्या आसपास जातात, आणि मोठ्यांच्या पेपरात, पाटीवर, मोबाइलवर नसतातच. खुणा काढल्या की कतब (त्याने लिहिलं), कुतिब (लिहिलं गेलं), कुतुब (पुस्तकं) हे सगळं एकसारखंच दिसतं, वाक्यावरून ओळखायचं. डिस्लेक्सिया असलेलं मूल कसंबसं खुणांच्या आधाराने वाचायला लागलेलं असतं आणि नेमका तेव्हाच आधार जातो. पण म्हणून सगळीकडे सगळ्या खुणा ठेवा असंही म्हणता येत नाही, कारण काही मुलांना त्या खुणांचीच गर्दी होते, संशोधनात पण दोन्ही बाजूंचे निष्कर्ष आहेत. तर अ‍ॅडॅप्टिव्ह व्हायची ही अगदी हक्काची जागा आहे. पूर्ण खुणा, फक्त गोंधळ होऊ शकतो अशा शब्दावर खुणा, आणि अजिबात नाही, अशा तीन पायऱ्या ठेवा, आणि सारख्याच अवघडपणाचे छोटे उतारे तिन्ही प्रकारे देऊन या एका मुलाला काय मानवतं ते बघा. बोट ठेवलं की त्या शब्दाच्या खुणा दिसाव्यात आणि किती वेळा बोट ठेवलं ते इंजिनने (पुढचा धडा ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने) लक्षात ठेवावं. दर आठवड्याला आपोआप खुणा कमी होत जाणार असलं काही करू नका, मुलाची तयारी कॅलेंडर बघून होत नाही.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, बोलीची. तू धुळ्याची आहेस म्हणून तुला पटकन कळेल, घरात अहिराणी बोलणारं मूल शाळेत पहिल्यांदा प्रमाण मराठीचं पुस्तक उघडतं तेव्हा त्याला वाचायला शिकताना सोबत भाषा पण शिकावी लागते, अरबीत हेच अंतर कितीतरी जास्त आहे आणि ते प्रत्येक अरब मुलाला पार करावं लागतं, कारण पुस्तकातली फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी, कुणाच्याच घरात बोलत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली या दुहेरी भाषेच्या स्थितीवर जो लेख लिहिला त्यात अरबी हे एक ठळक उदाहरण होतं. पुस्तकात गाडीला सय्यारा, इजिप्तच्या घरात अरबिय्या. पुस्तकात "काय" साठी माझा (हा अरबी शब्द), कैरोत एह, दमास्कसमध्ये शू. इजिप्तच्या मुलाच्या तोंडी थ चा त किंवा स होतो, कारण घरात तो आवाजच ऐकलेला नसतो. संशोधक एलिनॉर सैघ-हद्दाद यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जो आवाज मुलाच्या बोलीत नाही तो शब्दातून वेगळा काढणं मुलाला जास्त जड जातं, आणि सैघ-हद्दाद शब्दांचे तीन गट करतात, बोलीत आणि फुस्हामध्ये अगदी सारखे, थोड्या फरकाने तेच, आणि पूर्ण वेगळे. तुमच्या धड्यांची चढण याच क्रमाने असायला हवी, आधी बाब (दार) सारखे दोन्हीकडे चालणारे शब्द, मग एखादा आवाज बदलणारे, आणि पूर्ण परके शब्द सगळ्यात शेवटी.

हे नाही केलं तर काय होईल ते सांगते. स्क्रीनवर क़ल्ब (हृदय) शब्द आहे आणि मुलगी माइकमध्ये गल्ब म्हणते. ती इमिराती आहे, खाडीकडे क़ाफचा ग होतो, तिच्या आजीपासून सगळे तसंच बोलतात. शेजारच्या जॉर्डनच्या किंवा इजिप्तच्या मुलाने तो शब्द अल्ब असा घशातून झटका देऊन म्हटला, तोही त्याच्या घरचाच उच्चार. दोघांनी अक्षर बरोबर ओळखलंय. पण कुणी क़ल्ब ऐवजी कल्ब म्हटलं तर मात्र थांबून बघायला पाहिजे, कल्ब म्हणजे कुत्रा, तिथे क़ाफ आणि काफ या दोन अक्षरांचाच गोंधळ असू शकतो. तुमच्या इंजिनला हा फरक कळत नसेल तर ते इमिराती मुलीला आठवडाभर क़ाफवरच बसवून ठेवणार, तिला वाटणार आपल्याला येत नाही, आणि ज्याला खरी मदत पाहिजे तो तसाच पुढे जाणार. शारजाच्या एका वर्गात इमिराती, इजिप्शियन, सीरियन, सुदानी अशी सगळी मुलं शेजारी शेजारी बसतात, हे तू रोज बघत असशील. म्हणून अ‍ॅप उघडल्यावर पालकांना तुमची ती प्रश्नावली देण्याऐवजी एवढंच विचारा, घरात कुठली अरबी बोलता, आणि आया (मदतनीस) कुठली भाषा बोलते तेही विचारा, कारण इथल्या कितीतरी घरांत मूल दिवसभर तिच्यासोबतच असतं.

त्या प्रश्नावलीबद्दल स्पष्टच सांगते, काढून टाका. बघून शिकणारे आणि ऐकून शिकणारे अशी मुलांची वाटणी करून तसं शिकवलं की जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळं तपासून हेच मांडलं होतं, तरी अ‍ॅपवाले अजून तेच विकतात. याउलट बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या वियाम अल-गब्बान आणि रॉबर्ट हेन्डली यांनी २०२० च्या सुमारास अरबी वाचणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवरच प्रयोग केले, त्यात मुलाच्या डिस्लेक्सियाच्या प्रकाराप्रमाणे जुळवलेलं ट्रेनिंग आणि न जुळवलेलं ट्रेनिंग यांची तुलना होती, आणि जुळवलेल्या गटातली मुलं जास्त शिकली. तुझ्या बॉसला दाखवायला हे हातात ठेव, कारण त्यांना 'अ‍ॅडॅप्टिव्ह' शब्द पाहिजेच आहे, तर तो खरा कसा होतो हे यातून सांगता येईल.

प्रत्यक्षात कसं दिसेल? सात वर्षांचा मुलगा आहे, समोर घराचं चित्र आणि खाली बैत आणि बिन्त हे दोन शब्द, त्याने बिन्तवर बोट ठेवलं. लाल फुली मारून लेव्हल खाली आणू नका. पुढचा प्रश्न असा द्या की त्याचं उत्तर काहीतरी सांगून जाईल. आधी आवाज नाही, चित्र नाही, वर एक शब्द आणि खाली दोन, त्यातला अगदी तसाच दिसणारा निवड. इथेच चुकला तर ठिपके डोळ्यातून सुटतायत, मग मोठे ठिपके, कमी गर्दी, बोटाने ठिपका जागेवर नेऊन ठेवायचे खेळ. हे बरोबर आलं तर सुटी अक्षरं दाखवा, नून कुठलं, या कुठलं. सुटं ओळखतो पण शब्दात नाही, म्हणजे मधल्या रूपाची ओळख कच्ची आहे, मग तेच अक्षर चार रूपांत फिरवून द्यायचं. आणि दिसायला सगळं येतं पण ऐकून निवडताना चुकतो, तर प्रश्न आवाजाचा आहे, तिथे आधी तोंडी खेळ, लिपी नंतर. एका चुकीमागे फक्त दोन-तीन प्रश्न, मुलाला परीक्षा वाटता कामा नये, आणि या प्रश्नांना 'चूक-बरोबर'चे मार्क नकोत. आणखी एक, दोनच पर्याय असतील तर निम्म्या वेळा उत्तर नुसत्या अंदाजाने बरोबर येतं, तर एका उत्तरावरून इंजिनने काही ठरवू नये, चित्र हळूहळू स्पष्ट होऊ द्यावं.

वेळ पण मोजा. जिथे लिहिलेलं आणि बोललेलं नीट जुळतं, जसं इटालियन किंवा जर्मन, तिथे डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणात जास्त दिसतो, आणि हरकातसहित अरबी तशीच आहे, म्हणजे मूल सगळं बरोबर वाचेल पण एका ओळीला इतका वेळ लागेल की सुरुवात विसरलेली असेल. फक्त बरोबर-चूक मोजणारं अ‍ॅप या मुलाला 'पास' करून टाकेल. पण स्क्रीनवर घड्याळ दाखवू नका हं, वेळ मागे मागे गुपचूप मोजायची.

फॉन्टचं थोडक्यात. डिस्लेक्सियासाठी म्हणून जे खास लॅटिन फॉन्ट मिळतात त्यांचा इंग्लिशमध्येच फायदा नीट सिद्ध झालेला नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर मदत होते असं २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, तुमच्या इंग्लिश अ‍ॅपमध्ये ते सेटिंग असेलच, पण अरबीत ते तसंच चालू ठेवलंत तर अक्षरांचे जोड तुटू शकतात आणि शब्दाचा शब्द राहत नाही. अरबीत शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवायचं, ओळींमधलं तर नक्कीच, नाहीतर वरच्या ओळीची कसरा आणि खालच्या ओळीची फतहा एकमेकींत जाऊन बसतात. फॉन्ट साधा नस्ख घ्या, शाळेच्या पुस्तकांसारखा, नोटो नस्ख फुकट आहे. अमीरी फार देखणा आहे पण त्यात काही अक्षरं एकमेकांवर चढून जोडली जातात, ते छापील पुस्तकात शोभतं, शिकणाऱ्या मुलाला नको. शब्दातलं एकच अक्षर वेगळ्या रंगात करायचं असेल तर प्रत्येक फोनवर तपासून घ्या, काही ठिकाणी रंग बदलला की तिथे जोड तुटतो. स्क्रीन फिरवताना पुढे जायचा बाण, प्रोग्रेसची पट्टी हे सगळं उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडेच वाचतात, डेव्हलपरला हे लिहून दे.

आवाज मशीनचा वापरू नका, निदान मुख्य शब्दांना तरी नको. खुणा नसलेला मजकूर मशीनला दिला तर ते स्वर अंदाजाने लावतं, आणि जे मूल आधीच स्वरांवर अडखळतंय त्याला चुकीचा नमुना ऐकवणं हे मला तरी अजिबात सहन होत नाही. माणसाकडून रेकॉर्डिंग करून घ्या, शंभर-दोनशे शब्दांना कितीसा खर्च येतो. मुलांच्या बोलीतलं वाचन मशीनने ऐकून तपासणं हेही या डेमोत आणू नका, सध्या शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने बरोबर-चूक टॅप केलं तरी पुरे.

हे मोठं माणूस फार महत्त्वाचं आहे. फिनलंडमध्ये तयार झालेल्या ग्राफोगेम या वाचन शिकवणाऱ्या गेमवरचे अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये बघितलं गेलं, तेव्हा एकूण शब्दवाचनात फारसा फरक दिसला नाही, पण जिथे मोठं माणूस मुलासोबत गुंतलेलं होतं तिथे फायदा दिसला. मुलाला टॅब देऊन बाजूला व्हायचं असं अ‍ॅप बनवू नका. आईसाठी एक छोटा स्क्रीन ठेवा, "आज नून आणि 'या' मधे गडबड झाली, झोपताना हे तीन शब्द पाटीवर लिहून ठिपके त्याला देऊ द्या," इतकंच, आणि तो मजकूर आईला समजेल अशा साध्या अरबीत, सोबत ऐकायचं बटण. कितीतरी घरांत आईलाच वाटतं मूल आळशी आहे, लक्ष देत नाही, कारण त्याच मुलाला कुराणातल्या छोट्या सूरा तोंडपाठ असतात आणि पान समोर धरलं की तो न अडखळता म्हणतो. पाठांतर उत्तम आहे, ते कौतुकाचंच आहे, पण त्यावरून वाचन येतं असं समजलं गेलं की अडचण उशिरा लक्षात येते. थेरपिस्टला हे पालकांशी आदराने कसं बोलायचं ते माहीत असेल, तो मजकूर तिलाच लिहू दे.

बाकी जिथे आधीच काम झालंय ते बघून घे. कुवेतमध्ये सेंटर फॉर चाइल्ड इव्हॅल्युएशन अँड टीचिंग आणि कुवेत डिस्लेक्सिया असोसिएशन अरबी मुलांसाठी बरीच वर्षं काम करतायत. नॉर्वेच्या नोराड संस्थेने सीरियन निर्वासित मुलांसाठी स्पर्धा घेतली होती, त्यात २०१७ मध्ये 'अंतुरा अँड द लेटर्स' आणि 'फीड द मॉन्स्टर' हे दोन अरबी वाचनाचे गेम निवडले गेले, दोन्हींचा कोड खुला आहे, ते डिस्लेक्सियासाठी नाहीत पण अक्षरांची रूपं आणि उजवीकडून डावीकडे खेळणं त्यांनी कसं सोडवलंय ते डेव्हलपरसोबत बसून बघ. आणि आपल्याकडचं एक सांगते, नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने डाली नावाची डिस्लेक्सिया तपासणीची साधनं केली, त्यात मराठी, हिंदी, कन्नड आहेत, आणि ती त्या त्या भाषेसाठी म्हणून केलेली आहेत. भारतीय मॅनेजरला हे उदाहरण अरबीपेक्षा पटकन पटेल कदाचित.

अ‍ॅपच्या नावात डिस्लेक्सिया ठेवू का? माझं मत नाही. एक तर तुमचं अ‍ॅप निदान करत नाही, ते काम तज्ज्ञाचं, आणि तसा दावा केलात तर मुलांवर शिक्का बसेल. दुसरं, २०२१ च्या पर्ल्स या चौथीच्या वाचन चाचणीत मोजपट्टीचा मध्यबिंदू ५०० धरतात, तिथे यूएई ४८३, सौदी ४४९, जॉर्डन ३८१, इजिप्त ३७८ होते, म्हणजे डिस्लेक्सिया नसलेली पण वाचनात अडकलेली मुलंही भरपूर आहेत आणि तुमच्या ठिपक्यांच्या खेळाचा त्यांनाही उपयोग होईल. वर्गात सगळ्यांच्या टॅबवर असलेलं अ‍ॅप वापरायला मुलाला लाज वाटत नाही. शिवाय मुलांचे आवाज, चुका, वेळ, हे सगळं तुम्ही साठवणार, ते कुठे राहणार, किती दिवस, कोण बघणार, पालकांकडून लेखी परवानगी, हे आत्ताच ठरवा, नंतर नाही.

आणि तू अरब नाहीस म्हणून काम सोडायचं काहीच कारण नाही. तू हळू अरबी वाचतेस असं लिहिलंयस, म्हणजे मधलं ऐन बघून तूही थांबतेस, ठिपके मोजतेस, खुणा नसल्या की अडतेस, ती जाणीव टीममधल्या सराईत वाचकांना राहिलेली नसते. फक्त शब्द कुठले, आवाज कुठला, चूक कुठली आणि बोली कुठली, हे ठरवायचा शेवटचा अधिकार थेरपिस्टचा असू दे, आणि हे तोंडी नको, प्रोजेक्टच्या कागदावर तिचं नाव टाकून. तिच्या जोडीला एक इमिराती किंवा इजिप्शियन शिक्षिका मिळाली तर बघ, एकटी जॉर्डनची थेरपिस्ट सगळ्या बोलींचं सांगू शकणार नाही.

तीन महिन्यात सगळं अ‍ॅप होणार नाही, तसं प्रॉमिस करू नकोस. डेमोसाठी अक्षरांचं एकच कुटुंब घ्या, दातावाली अक्षरं, बा, ता, था, नून, या. त्यांचे दोन्हीकडे चालणारे काही शब्द, चार रूपं, हरकातच्या तीन पायऱ्या आणि वर सांगितलेले ते चुकीमागचे दोन-तीन प्रश्न. एखाद्या शाळेच्या रिसोर्स रूममध्ये (जादा मदत लागणाऱ्या मुलांच्या वर्गात) परवानगी घेऊन थोड्या मुलांसोबत थेरपिस्टला शेजारी बसवून करून बघा, आणि इंजिनने जो प्रकार ओळखला आणि थेरपिस्टने स्वतंत्रपणे जो लिहिला ते दोन्ही शेजारी ठेवा. जुळलं तर बॉसला तोच तक्ता दाखव. नाही जुळलं तर मुलांना पुढचा धडा देण्याआधी प्रश्न बदला. मीटिंग झाली की काय ठरलं ते कळव, शब्दांची यादी पाठवलीस तर मी माझ्या ओळखीच्या कुवेतमधल्या एका शिक्षिकेला दाखवते, ती बोलीचं बघून देईल.